अर्थिंग

अण्णा म्हणाले, पैले अर्थिंग. मंग बाकीनं.
मी यादी वाचून दाखवत होते,
मोटार रिवाइंडिंगच्या जॉबवहीत, मागच्या पानावर लिहिलेली:
प्रोसेसर, बोर्ड, आठ जीबी रॅम, एसएसडी, एसएमपीएस,
ग्राफिक कार्ड (खोडलेलं), डबा.
पलीकडच्या पानावर त्यांचं अक्षर:
पाच एचपी, बावीस गेज, वेढे चौसष्ट,
भिला आप्पा, उधार.

दोन उन्हाळे मी बाजारातल्या केंद्रात बसून
लोकांचे फॉर्म भरले.
पीकविमा, दाखले, उताऱ्यावरची नावं.
तिथल्या कीबोर्डची शिफ्टची कळ मेलेली,
ळ मागितला की ल यायचा:
अमलनेर, जलगाव, धुले.
मालक म्हणे, चालतं. आपल्या तोंडात तरी ळ कुठे टिकतो,
डोळ्याचा डोया, काळ्याचा काया.
ते खरं. पण ते आपण करतो.
यंत्रानं परस्पर का करावं?

जळगावचा दुकानदार लढ्ढा. गाव विचारलं,
अमळनेर म्हटल्यावर काही न बोलता
बिलात आणखी एक पंखा चढवला.
पॅसेंजरमध्ये बोर्डचा खोका मांडीवर.
धरणगावला एक बाई म्हणाली, मिठाई का?
मी हो म्हटलं.

तर खड्डा.
मोरीमागे, कमरेइतका, अण्णांच्या पहारीनं.
कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ,
मधोमध तांब्याची पट्टी.
आई दारातून: लोनचं घाली राह्यनात का?

पहाटे चारला बसलो,
कारण सात वाजता मे महिना बोटांतून गळायला लागतो.
अण्णांनी उरलेली तार माझ्या मनगटाला गुंडाळली,
मध्ये दहा लाख ओहमचा रेझिस्टर,
दुसरं टोक खड्ड्याला.
बकरी बांधतात तशी मी,
आणि पाटावर उघडा बोर्ड.

प्रोसेसरच्या कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण,
खाचेच्या कोपऱ्यातही तसाच.
जुळवला. दांडी दाबली.
कर्र.
माझ्या पोटात गोळा.
मोडनं नही, अण्णा म्हणाले, बसनं.
बेअरिंगबी असंच बोंबलस.

थर्मल पेस्ट, तुरीच्या दाण्याएवढी.
इतलीच?
इतकीच.
त्यांना पटलं नाही. अख्खी मोटार
व्हार्निशमध्ये बुडवणारा माणूस.

मग समोरच्या बटणाच्या तारा.
केसाएवढ्या. दोनदा चिमटी चुकली,
तिसऱ्यांदा एक तुटली.
सगळं जागेवर, आणि चालू करायचं बटणच नाही.
मी रडले नाही. म्हणजे, थोडी.
अण्णांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली.
तिच्यातली भाषा त्यांना येत नाही, आकृती येते.
कोन्त्या दोन?
मी बोट दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
टेस्टरचं टोक दोन काड्यांवर टेकवलं,
दाबलं नाही, नुसतं टेकवलं,
जशी ते गेली तीस वर्षं
लोकांच्या विहिरींना विचारतात, आहेस का?

पंखे फिरले. तिन्ही.
लढ्ढाचा जरा करकरत.

काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ.
काय लिखेल शे?
सुरू व्हायला आत काहीच सापडत नाही म्हणतंय.
मंग?
मग ते उद्या. पेन ड्राइव्हमधून घालायचं.
अण्णांना एवढं पुरलं. उठले,
तांब्याभर पाणी खड्ड्यात ओतलं,
कोळशानं ते चुर्र करून पिऊन टाकलं.

माझी तार अजून मनगटाला होती.
मी नव्या कीबोर्डवर शिफ्ट दाबून धरली
आणि ळ दाबला.
पडद्याला मराठी येत नव्हती अजून,
काहीच उमटलं नाही.
कळ मात्र खाली गेली, आणि वर आली.